भैरवीनं सुरू होणारी रेकॉर्ड

मैफलीत भैरवी शेवटी येते. ती झाली की तंबोरे आडवे ठेवायचे, चपला शोधायच्या आणि घरी जायचं, एवढं गाणं न शिकलेल्यांनाही ठाऊक असतं. त्यामुळे लेकीनं एक एलपी माझ्या हातात दिली आणि तिच्या मागच्या बाजूला पहिलंच नाव ‘राग भैरवी’ असं दिसलं, तेव्हा माझा शेरा तयार होता. “वाजवणाऱ्याला काही कळत नाही.”

“आई, आधी ऐक तरी,” ती म्हणाली.

रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग, साल १९८२, कंपनी आपली कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग! नाव वाचूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आज त्या रेकॉर्डबद्दल लिहायचं आहे, आणि ती ऐकायला मला इतका उशीर का झाला त्याबद्दलही.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलला राहतो. मी सांगलीत वाढले, पेटीवर सूर धरून गायला शिकले, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या. इथे आल्यावर मंडळाच्या गणपतीत दोन अभंग आणि एक नाट्यगीत एवढंच गाणं उरलं, पण कान तिथेच राहिले. लेकीचं उलट. तिला पंधराव्या वर्षापासून एकच नाद, कुणी न ऐकलेलं गाणं शोधून काढायचा. जगभर नवीन गाणी शुक्रवारी प्रसिद्ध होतात, त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ तिची. कुठल्या कंपनीशी करार नसलेल्या, घरच्या खोलीत बसून संगीत करणाऱ्या मुलामुलींची गाणी ती ‘बँडकॅम्प’वर विकत घेते. २००८ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर गाणं थेट कलाकाराकडून घेता येतं. डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के कंपनी ठेवते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा काही ठरावीक शुक्रवारी हा वाटाही सोडून द्यायची पद्धत कंपनीनं सुरू केली. लेक त्या शुक्रवारांसाठी पैसे बाजूला काढते. आपण दिवाळी अंकांसाठी काढायचो ना, तसे.

या सगळ्याला मी एकच शब्द ठेवला होता, ‘धडधड’. जिन्यावरून “बंद कर ती धडधड!” असं कितीदा ओरडले असेन. मग तिनं हेडफोन लावायला सुरुवात केली आणि घरात शांतता झाली. मला वाटलं, मी जिंकले. आता हिशेब करते तर लक्षात येतं, की माझ्याच घरात दहा वर्षं काय वाजत होतं हे मला माहीत नाही.

आता रेकॉर्डकडे येते. चरणजित सिंग हे मुंबईतले वादक. हिंदी चित्रपटसंगीताच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं, लग्नसमारंभांतही वाजवलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जपानच्या रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं सिंगापूरहून आणली. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल देणारं यंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची छोटी डबी. या डबीचं मूळ काम एकट्यानं सराव करणाऱ्या वादकाला बास गिटारची साथ देणं. तेव्हा सिनेमात डिस्कोची लाट होती. सिंग यांनी ठरवलं, की तोच ठेका घ्यायचा आणि त्यावर राग वाजवायचे. प्रत्येक राग पाचेक मिनिटं. रेकॉर्ड निघाली, चालली नाही, विसरली गेली. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा प्रसिद्ध केली.

मग गोंधळ उडाला. कारण ८०८ आणि ३०३ या जोडीला पाश्चात्त्य नाचाच्या संगीतात फार मोठं स्थान आहे, आणि ते स्थान मिळालं आमच्या शिकागोत. शहरात दक्षिण जेफरसन स्ट्रीटवर ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब होता. १९७७ पासून तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचे. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांत समलिंगी तरुण पुष्कळ. ‘हाऊस’ संगीताचं नाव या ‘वेअरहाऊस’वरून आलं. ३०३ बाजारात सपशेल पडली होती, जुनी यंत्रं स्वस्तात मिळत होती. ‘फ्यूचर’ नावाच्या त्रिकुटानं अशाच एका यंत्राच्या खुंट्या पिळून जो चिवचिवता, घुसमटलेला, मग एकदम मोकळा होणारा आवाज काढला, तो १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावानं रेकॉर्डवर आला. तेच ‘ॲसिड हाऊस’.

आणि इकडे मुंबईतला एक वादक पाच वर्षं आधी तीच यंत्रं घेऊन तसाच काहीसा आवाज काढून बसला होता! काहींना ही बनावट वाटली; कुणीतरी आजचं संगीत जुन्या कव्हरात घालून फसवतंय असा संशय घेतला गेला. इतरांनी जाहीर करून टाकलं, की ॲसिड हाऊसचा शोध भारतात लागला. दुसरी बातमी आपल्या लोकांना अर्थातच जास्त आवडली.

मला ती पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असं कुणी दाखवलेलं नाही. एकच यंत्र दोन गावांत दोन माणसांच्या हाती पडलं आणि दोघांनी आपापल्या सवयीनं ते वापरलं, इतकंच म्हणता येतं. ‘आम्ही आधी केलं’ या अभिमानाचा मोठा तोटा असा, की सिंग यांनी नेमकं काय केलं ते ऐकायचं राहूनच जातं. पाश्चात्त्य रसिकांनी त्यांतलं यंत्र ऐकलं. राग त्यांच्यासाठी कव्हरवरचं एक सुंदर नाव होतं. आपल्यापैकी ज्यांना राग कळतो, त्यांनी ठेका ऐकूनच पाठ फिरवली असती. मी फिरवलीच होती.

म्हणून बेसमेंटमध्ये बसून पुन्हा ऐकली, शिकल्यासारखी. काय मिळालं ते सांगते.

पहिली गोष्ट मींड. आम्हा पेटीवर शिकलेल्यांचं जुनं दुखणं आहे, की पेटीत दोन पट्ट्यांच्या मधली जागाच नाही. या आणि अशाच कारणांनी आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं होतं. ज्युपिटर-८ मध्ये मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि सिंग ती हौशीनं वापरतात. ३०३ मध्येही तशी सोय आहे. पेटीला जे कधी जमलं नाही ते परदेशी यंत्राला जमतंय, हे ऐकून मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला.

दुसरी गोष्ट तंबोऱ्याची. ३०३ वर एक छोटी स्वररचना घालून ठेवली की ती फिरत राहते. पहिली दोन मिनिटं ती मला टोचत होती. मग कान सरावला आणि जाणवलं, की ही तर सूर धरून बसली आहे. वर सगळं बदलतंय आणि खाली हे एक बदलत नाही. तंबोऱ्याचं काम याहून वेगळं काय असतं? कलावती, मालकंस, बैरागी या पाच स्वरांच्या रागांत हे विशेष साधलं आहे. स्वर मोजके, त्यामुळे खालची आवर्तनं आणि वरची धावती सुरावट एकमेकांच्या पायात येत नाहीत. या रेकॉर्डमधलं एकच काही ऐकायचं असेल तर कलावती ऐका.

आता तक्रारी. तोडीचा कोमल गंधार नेहमीच्या कोमलाहूनही उतरता लागतो आणि त्यावर आंदोलन हवं. सिंथेसायझर पियानोच्या पट्ट्यांवर लावलेला. घसरत जाईल कुठेही, पण थांबेल पियानोच्याच जागी. म्हणून तोडी मला तोडीची आठवण वाटली. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. कुठे थांबायचं, कशावर भार द्यायचा यानं ते वेगळे होतात, आणि या वेगात थांबायला उसंतच नाही. सगळ्यांत मोठी तक्रार तालाची. डिस्कोत प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा. खाली नाही, भरी नाही, म्हणून समेची वाट पाहणं नाही. बंदिशीचा मुखडा पकडून समेवर आल्यावर “वा!” म्हणायची जागाच या संगीतात नाही.

हे मी लेकीला सांगितलं. पेटी काढून ललतातले दोन मध्यम शेजारीशेजारी वाजवून दाखवले. इतकी वर्षं ती ही रेकॉर्ड ऐकत होती. ललताचा तो चमत्कारिक उदास रंग कुठून येतो हे तिला तेव्हा कळलं. मग तिनं मला दाखवलं. “आई, तू समेची वाट बघतेस ना? इथे वाट बघायची ती या आवाजाच्या उघडण्याची.” तिनं हेडफोन माझ्या कानाला लावले आणि ३०३ चा मिटलेला आवाज कुठे उमलत जातो ते बोटानं मोजून दाखवलं. ठोका तोच, स्वर तेच, पण आवाज आतून बदलत होता. ती माझ्या कानांवरून गेलेली गोष्ट होती. समेची तक्रार मी मागे घेत नाही. पण माझ्या ऐकण्यातही भोक होतं, हे मान्य करते.

भैरवीचा उलगडाही तिनंच केला. “आख्खी रात्र नाचून माणसं पहाटे बाहेर पडतात. तुमचं संपतं तिथे यांचं सुरू झालं असेल.” हे चरणजित सिंग यांच्या मनात होतं असं मी म्हणणार नाही, दहा रागांचा क्रम समयचक्राप्रमाणे लागतच नाही. ललतानंतर भूप आणि मग तोडी येतो. पण उत्तर ऐकायला बरं वाटलं.

सिंग २०१५ साली मुंबईत वारले. त्याआधी काही वर्षं युरोपात तरुणांच्या गर्दीसमोर हे राग त्यांनी पुन्हा वाजवले. त्यांचं श्रेय शोधायला डच माणूस लागला याची खंत वाटते. पण आता चित्र बदलतंय. लॉस एंजेलिसला ‘नया बीट’ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी आहे. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक भारतीय वंशाचा. १९८३ ते १९९२ मधल्या दक्षिण आशियाई नाचाच्या आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा संग्रह त्यांनी २०२१ मध्ये काढला. मुंबईत जन्मलेल्या, न्यूयॉर्कला येऊन ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये गायलेल्या आशा पुथली यांच्या गाण्यांची नवी रूपंही त्यांनी २०२३ मध्ये आणली. आपल्या घरातल्या पोरांनीच माळा झाडायला घेतला आहे.

जुनं शोधण्याचं हे झालं. नव्याचं काय? २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आलं, तेही ‘स्पिनिन’ या नाचाच्या संगीतातल्या बड्या डच कंपनीकडून. क्रेटेक्स आपल्या संगीताला ‘एम-हाऊस’ म्हणतो, मराठी हाऊस. माझ्या व्हॉट्सॲपवर ते आठवड्याभरात सात ठिकाणांहून आलं. सगळ्या निरोपांचा सूर एकच, ‘बघा, मराठी!’ गाणं कसं आहे हे सातांपैकी एकानंही लिहिलं नव्हतं.

मला ते आवडलं, आणि अर्धवट आवडलं. नावातच दोनदा येणारा ‘डी’ ऐका. हा ‘ड’ जिभेच्या टोकाला वळवून आपटावा लागतो, इंग्रजीत तो नाही. गाण्यात तो ताशाच्या काडीसारखा ठोक्यावर पडतो. भाषा इथे अर्थाबरोबर वाद्याचंही काम करते. गोरेपणाच्या जाहिराती बघत वाढलेल्या माझ्या पिढीला उन्हात रापलेल्या कातडीची ही मिरवणूक सुखावतेही. पण गाण्याची पकड पहिल्या अर्ध्या मिनिटात कळते आणि नंतर ते तिच्यावरच बसून राहतं. तेच तेच येणं हा हाऊसचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. मात्र ‘ॲसिड ट्रॅक्स’ दहा मिनिटांहून लांब असूनही आतल्या आत बदलत राहतं, हे आता मी लेकीच्या बोटांवर मोजायला शिकले आहे. तो बदल मला इथे कमी वाटला. क्रेटेक्सकडे कान आहे. पुढचं गाणं तो जरा लांबवेल तर मी पहिली ऐकणार.

असं लिहिलं की कुणीतरी म्हणतं, अहो, मराठीत काहीतरी नवीन होतंय, कौतुक करा की. करते आहे. पण बालगंधर्वांचं पद कुणी गायलं की आपण मंडळाच्या हॉलमध्येसुद्धा ‘निषाद किंचित चढला’ म्हणतो. तेवढी कदर या पोरांच्या वाट्याला का नको? नुसतं पुढे पाठवलेलं गाणं आठवडाभर टिकतं. ऐकून, भांडून, पुन्हा ऐकून ठेवलेलं गाणं वीस वर्षांनी कुणा परक्याला दिल्लीत शोधावं लागत नाही.

लेक आता सिॲटलला असते. दर शुक्रवारी तिच्याकडून एक गाणं येतं. नियम एवढाच, की उत्तरात ‘छान’ लिहायचं नाही. गेल्या शुक्रवारी तिनं पाठवलेल्या गाण्यात मला चारुकेशीचा भास झाला आणि मी तसं लिहिलं. तिचं उत्तर आलं, “चारुकेशी म्हणजे काय? पेटीवर वाजवून पाठव.” पेटीचा भाता थोडा फाटला आहे. येत्या शनिवारी दुरुस्तीला नेणार आहे.