अवतार अंधुक दिसतो, पण कोणाला?

आमच्या परिचयाचे एक शिक्षक ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात भरणाऱ्या विज्ञानशिक्षकांच्या बैठकींना अधूनमधून जातात. जातात म्हणजे घरी लॅपटॉपसमोर बसतात. सभागृहात वावरतो तो त्यांचा अवतार. (शब्द आपलाच, इंग्रजीत जाऊन नवा अर्थ घेऊन परत आला.) मध्यंतरी या अवताराचा चौकडीचा सदरा पुसट दिसू लागला, फळ्यावरच्या चित्रावरून ओला हात फिरवावा तसा. मदत म्हणून कोणीतरी त्यांना एक उपाययादी पाठवली. त्यांनी ती इमानेइतबारे पाळली, दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आणि शेवटी वैतागून ती आमच्यापुढे टाकली. मग आम्ही अशा आणखी काही याद्या मिळवून वाचल्या. त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले, कारण प्रयोगाच्या तासाला आपण मुलांना जे शिकवू पाहतो त्याच्या बरोबर उलटे वळण या याद्या लावतात.

यादीत बारा उपाय होते. कॅश पुसून टाका. बाहेर पडून पुन्हा आत या. कंट्रोल, ऑल्ट आणि आर या कळा एकदम दाबा. बँडविड्थ वाढवा. राउटर बंद करून चालू करा. प्रोग्राम काढून पुन्हा बसवा. यांतला एकही उपाय खुळचट नाही. प्रत्येकाचा कोणत्या ना कोणत्या बिघाडावर उपयोग होऊ शकतो. परंतु कोणत्या बिघाडावर कोणता, हे यादीत कुठेच नाही. बारापैकी एकही ओळ प्रश्नचिन्हाने संपत नाही.

वास्तविक पहिला प्रश्न अगदी साधा आहे: अंधुक दिसते ते कोणाला? तुम्हालाच, की समोरच्यांनाही?

याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे आत शिरावे लागेल. सेकंड लाइफ हे जग सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. अवताराची कातडी आणि तिच्यावर रंगवलेले कपडे हे एकावर एक ठेवलेले चित्रांचे थर असतात. ते सगळे एकत्र करून एकच चित्र बनवतात आणि ते अवतारावर गुंडाळतात. या क्रियेला तिथे ‘बेकिंग’, म्हणजे भाजणे, असे नाव आहे. २०१३ पर्यंत हे भाजण्याचे काम ज्याच्या त्याच्या संगणकावर होई आणि तयार चित्र कंपनीच्या संगणकाकडे पाठवले जाई. ते वाटेत अडकले तर गंमत होई: आपण स्वतःला लख्ख दिसत असू आणि इतरांना मात्र राखाडी किंवा धुरकट. २०१३ मध्ये कंपनीने हे काम आपल्या संगणकांकडे घेतले. तेव्हापासून आपला संगणक तयार चित्र फक्त उतरवून घेतो. तेव्हा आज सर्वांनाच आपण अंधुक दिसत असू तर दोष बहुधा भाजण्यात आहे, आणि त्या तीन कळा दाबून ते काम पुन्हा करवून घेता येते. फक्त आपल्यालाच तसे दिसत असेल तर दोष आपल्या जोडणीत किंवा आपल्या संगणकात. एका प्रश्नाने अर्धी यादी गळून पडते. याद्यांमध्ये मात्र २०१३ पूर्वीचे आणि नंतरचे सल्ले शेजारीशेजारी बसलेले आढळतात, सन न सांगता. अभ्यासक्रम बदलल्यावर जुन्याच गाईडला नवे मुखपृष्ठ लावतात, त्यातला हा प्रकार.

दुसरा प्रश्न: अंधुकपणा हळूहळू ओसरतो, तसाच राहतो, की येतो-जातो? इथली चित्रे जेपेग २००० या पद्धतीने साठवलेली असतात. या पद्धतीत आधी चित्राचा ढोबळ आराखडा येतो आणि मागाहून बारकावे. निम्मीच माहिती पोहोचली तर अर्धे चित्र दिसत नाही. पूर्ण चित्र दिसते, पण पुसट. म्हणजे सुरुवातीचा अंधुकपणा हा बिघाडच नव्हे, ते काम चालू असल्याचे लक्षण आहे. थांबणे हाच त्यावरचा उपाय, आणि बारा उपायांत तेवढा नव्हता.

इथेच कॅश पुसण्याच्या सल्ल्यावर आमचा मुख्य आक्षेप आहे. कॅश म्हणजे एकदा उतरवलेली चित्रे ठेवण्याची आपल्याच संगणकावरची कोठी. ती रिकामी केली की सगळी चित्रे पुन्हा आणावी लागतात. कोठीतला माल खराब झाला असेल तर हे योग्यच, पण तसे क्वचित घडते. एरवी आपण अंधुकपणाची मुदत स्वतःच वाढवून घेतो. तरीही हा सल्ला यादीच्या शिरोभागी असतो, कारण तो ‘लागू पडतो’. पुसले, पुन्हा आत आलो, दहा मिनिटांनी सगळे स्वच्छ! नुसती दहा मिनिटे थांबून काय झाले असते, हे कोणी पाहिलेले नसते.

आमच्या मित्रांच्या बाबतीत तर याहून मजेदार घोटाळा झाला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी कॅश पुसली. सभागृह अधिकच धूसर झाले. दुसऱ्या संध्याकाळी प्रोग्राम काढून पुन्हा बसवला आणि आत येताच सदऱ्याची चौकट स्वच्छ दिसली. झाले, उपाय सापडला! पुढच्या बैठकीत सदरा पुन्हा पुसट. आम्ही विचारले, “नवा प्रोग्राम बसवल्यावर तुम्ही आत आलात कुठे?” ते म्हणाले, “माझ्या स्वतःच्या जागेत. तिथे कोणीच नसते.” एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, प्रोग्राम आणि गर्दी, आणि श्रेय मिळाले प्रोग्रामला.

मग आम्ही पुढच्या बैठकीला त्यांच्या शेजारी बसलो. इतरांना विचारले, त्यांना सदरा व्यवस्थित दिसत होता. आमच्या पडद्यावर मात्र भिंतीवरचा तक्तासुद्धा पुसट होता, आणि तो काही सेकंद स्पष्ट होऊन पुन्हा विरघळत होता. भिंतीला कोणी भाजत नाही! तेव्हा अवताराचा दोष नव्हे. कंट्रोल, शिफ्ट आणि १ या कळांनी उघडणाऱ्या आकडेवारीत हरवलेल्या पॅकेटांचे प्रमाण शून्य होते. तेव्हा जोडणीचाही नव्हे. उरली स्मरणशक्ती. १०२४ गुणिले १०२४ चित्रकणांचे चित्र, दर चित्रकणाला ४ बाइट धरले तर, ४ मेगाबाइट जागा घेते. वाटेत ते कितीही आवळून पाठवले तरी ग्राफिक्स कार्डात उलगडूनच ठेवावे लागते. पूर्वी अनेक वर्षे या प्रोग्रामला चित्रांसाठी ५१२ मेगाबाइटच मिळत, म्हणजे अशी फक्त १२८ चित्रे. आता ही मर्यादा कार्डावर अवलंबून असते, आणि मित्रांचा लॅपटॉप जुना. वीस अवतार प्रत्येकी डझनभर चित्रे अंगावर घेऊन बसले की २४० झाली. जागा पुरेना, म्हणून प्रोग्राम एकाचे बारकावे टाकून दुसऱ्याचे घेत होता.

अशा वेळी बँडविड्थ वाढवून काय होणार? चित्रे हल्ली साध्या वेबपानांप्रमाणे एचटीटीपीने येतात, त्या आकड्याचा त्यांच्याशी संबंध नाही. तो आकडा उगाच चढवला तर कमकुवत जोडणीवर हालचालींची पॅकेटे मात्र गळू लागतात, आणि मग सभेतून बाहेर फेकले जाणे हा नवा आजार मागे लागतो.

याद्या लिहिणारे बहुतेक जण फुकट, आणि चांगल्या मनाने मदत करतात, हे मान्य. पण सर्किटमधला दिवा लागला नाही की सेल, तार आणि दिवा एकदम बदलणाऱ्या विद्यार्थ्याला आपण अडवतो. इथे त्याच रीतीला ‘मार्गदर्शन’ म्हणतात.

असो. मित्रांनी दृश्याचा पल्ला २५६ मीटरवरून ६४ वर आणला, आणि जवळचे मोजकेच अवतार पूर्ण तपशिलात रेखाटावेत अशी मर्यादा घातली. चौकडी परत आली. त्यांची एक तक्रार अजून आहे: पाऊल टाकायची कळ दाबली की अवतार जरा उशिरा हलतो. अमेरिकेचा पश्चिम किनारा इथून सुमारे १३,००० किलोमीटर आहे आणि काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन येण्याला किमान किती वेळ लागेल, हे गणित त्यांनी आता अकरावीच्या मुलांना घातले आहे.