कर्करोगोत्तर आत्मकथनांतील ‘पुनरागमन’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कर्करोगविषयक आत्मकथनांची समीक्षा प्रामुख्याने निदान, वेदना आणि मृत्यूचे भय यांभोवती फिरते. उपचारानंतर कामावर परतण्याचा टप्पा उपसंहारासारखा उरकला जातो. स्वतः कर्करोगातून गेलेले अमेरिकन डॉक्टर फिट्झह्यू मुलन यांनी १९८५ मधील लेखात या टप्प्याला स्वतंत्र स्थान दिले. नोकरी आणि विमा यांचे प्रश्न उपचार संपल्यावरही रुग्णाचा पाठलाग करतात, हे त्यांनी दाखवले. या दृष्टीने युवराज सिंग यांचे ‘द टेस्ट ऑफ माय लाइफ’ आणि ऑड्री लॉर्ड यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) ही आत्मकथने परस्परांशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

पूर्ववत होण्याची कथा :
समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजारकथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ववत होण्याची कथा, विस्कळीततेची कथा आणि शोधाची कथा. युवराज यांच्या पुस्तकाचे उपशीर्षकच क्रिकेटकडून कर्करोगाकडे व तेथून परत असा प्रवास सूचित करते. २०११ च्या विश्वचषकात ३६२ धावा व १५ बळी अशी कामगिरी करणारा हा खेळाडू अमेरिकेतील केमोथेरपीनंतर ११ सप्टेंबर २०१२ रोजी चेन्नई येथे पुन्हा मैदानात उतरला. या कथेचे मोल निर्विवाद आहे. कर्करोगाचे नाव उच्चारण्यासही कचरणाऱ्या समाजात एका लोकप्रिय खेळाडूने आजार उघड केला. तथापि तिच्या स्वागतात जिद्दीला सर्व श्रेय मिळते आणि दोन बाबी झाकोळतात. एक म्हणजे, त्यांना झालेली सेमिनोमा ही गाठ केमोथेरपीला उत्तम प्रतिसाद देणाऱ्यांपैकी आहे. दुसरी म्हणजे, त्यांच्यासाठी संघाचे दार खुले होते.

बदललेल्या शरीराची कथा :
कवयित्री व अध्यापिका असलेल्या लॉर्ड यांच्यावर १९७८ मध्ये स्तनशस्त्रक्रिया झाली. कृत्रिम स्तन न लावता त्या डॉक्टरांकडे गेल्या असता, तेथील परिचारिकेने दवाखान्याच्या मनोधैर्यासाठी तो लावावा असे सुचवले. इस्रायलचे मोशे दायान यांच्या डोळ्यावरील पट्टी शौर्याची खूण मानली जाते. मग स्त्रीच्या शरीरावरील खूण लपवायची का, असा लॉर्ड यांचा प्रतिप्रश्न आहे. येथे परतणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे, तर बदललेल्या शरीरासह बोलू लागणे होय. मात्र हा मार्गही सर्वांना खुला नाही. लॉर्ड यांचे कामच शब्दांचे होते. रजा संपलेल्या कारकुनाला वा शेतमजूर स्त्रीला आपली खूण मिरवण्याची मुभा क्वचितच मिळते.

समारोप :
दोन्ही आत्मकथने असामान्य व्यक्तींची आहेत. त्यामुळे मधला माणूस, म्हणजे कामावर येणारा पण पूर्वीच्या वेगाने काम करू न शकणारा, साहित्यात अदृश्य राहतो. कायद्यातही त्याचे स्थान अनिश्चित आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास काढता येत नाही. परंतु अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाचा स्वतंत्र समावेश नाही. थकवा दिसत नाही, म्हणून तो सिद्धही होत नाही. हा थकवा नोंदवणारे कथन विजयगाथेइतकेच मोलाचे मानणे, ही समीक्षेची जबाबदारी ठरते. अन्यथा विजयी न ठरलेला रुग्ण जिद्दीत कमी पडला, असा अन्याय्य निष्कर्ष वाचक नकळत काढत राहील.