डॉना ट्रॉय कोण? : एका शांत अंकाचे वाचन

दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रकथामालिकेत ज्या अंकात काहीच 'घडत' नाही, तो समीक्षक बहुधा विश्रांतिस्थान मानून ओलांडून जातात. 'द न्यू टीन टायटन्स'चा ३८ वा अंक (जानेवारी १९८४) असा ओलांडणे महागात पडते. मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या या अंकात जगावर संकट नाही, वेशधारी खलनायकही नाही. वंडर गर्ल, म्हणजे डॉना ट्रॉय, विवाहाच्या उंबरठ्यावर आहे. आपले जन्मदाते कोण हे तिला ठाऊक नाही आणि तिचा सहकारी डिक ग्रेसन (रॉबिन) ते शोधून काढतो. कथानक एवढेच.

मात्र हा प्रश्न पात्राचा होण्यापूर्वी प्रकाशनाचा होता. १९६५ मध्ये 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या ६० व्या अंकात बॉब हेनी यांनी वंडर गर्लला किशोरवीरांच्या चमूत घेतले. वास्तविक तोवर डीसीच्या कथांत वंडर गर्ल हे स्वतंत्र पात्र नव्हतेच. वंडर वुमनच्याच कुमारवयातील रूपाचे ते नाव होते. गफलतीतून एक मुलगी अवतरली आणि तिला भूतकाळच नव्हता! १९६९ मध्ये वुल्फमन यांनी तिला डॉना ट्रॉय हे नाव दिले आणि वंडर वुमनने आगीतून वाचवलेल्या अनाथ अर्भकाची कथाही. ३८ व्या अंकात तोच लेखक आपल्याच उत्तरातील रिकाम्या जागेकडे परततो. डॉनाचे अनाथपण हे नुसते भावनिक भांडवल नव्हे. संहितेच्या पातळीवरही ती अनाथ आहे.

त्यामुळे शोधाची साधने कोणती, हे पाहणे अगत्याचे ठरते. जळक्या इमारतीतील एक बाहुली आणि माणसांच्या आठवणी. अतिमानवी शक्तीला येथे काहीच काम नाही. हाती लागते ते असे : जन्मदाती डोरोथी हिंक्ली, अविवाहित, मृत्युपंथाला लागलेली मुलगी, मग दत्तक घेणारे कार्ल व फे स्टेसी, कार्लच्या मृत्यूनंतरची हलाखी, मुलीचा नाइलाजाने केलेला त्याग आणि मुलांचा व्यापार करणारी टोळी. वीरकथेत उगमकथा सामान्यतः नायकाला इतरांहून वेगळे करते. ही उगमकथा डॉनाला असंख्य गरीब मुलींच्या रांगेत नेऊन उभी करते, आणि पेरेझ यांचे बारकाव्यांनी भरलेले चेहरे हा भार समर्थपणे पेलतात.

एक आक्षेप मात्र नोंदवलाच पाहिजे. शोध डिकचा आहे, निवेदनाची सूत्रेही त्याच्याच हाती. डॉनाला तिचा भूतकाळ विवाहापूर्वीच्या आहेरासारखा मिळतो. स्वतःविषयीच्या प्रश्नात ती कर्ता नाही. हा दोष पुढच्याच अंकामुळे काहीसा गुंतागुंतीचा होतो, कारण तिला नाव-गाव मिळवून देणारा डिक ३९ व्या अंकात स्वतःचे 'रॉबिन' हे नाव सोडून देतो.

पुढे १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'ने डीसीचे कथाविश्वच नव्याने मांडले. १९८७ मध्ये वंडर वुमनची कथा पुन्हा आरंभापासून सुरू झाली (आणि तीही पेरेझ यांच्याच हातून!). ती आता डॉनानंतर जगात येत असल्याने डॉनाला वाचवणे तिला शक्यच नव्हते. १९८८ मध्ये 'द न्यू टायटन्स'च्या ५० व्या अंकापासून वुल्फमन-पेरेझ जोडीला पुन्हा उत्तर रचावे लागले. आगीतून वाचवणारी आता ग्रीक पुराणातील ऱ्हीया झाली. देवता बदलली, डोरोथी हिंक्लीला हात लावण्याची गरज कोणाला भासली नाही.