पडदा मागेच बरा

मला नाटकातलं कळतं, असा हदगावात एक जुना गैरसमज आहे. कॉलेजात असताना एका नाटकाच्या पडद्याची दोरी माझ्या हाती होती. ती मी भलत्याच वेळी ओढली आणि राजा मरायच्या आत नाटक संपलं. तेवढ्या भांडवलावर मी आजवर टीकाकार म्हणून मिरवतो आहे. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या चर्चमधल्या मुलांच्या नाताळ कार्यक्रमाला मला बोलावणं आलं, आणि तेही पहिल्या रांगेतलं.

समोर वीस बाय दहा फुटांच्या फ्लेक्सवर छापलेलं बेथलेहेम होतं. गुडघाभर बर्फ, सूचिपर्णी झाडं, घरांना धुराडी! बेथलेहेम म्हणजे चुनखडीच्या डोंगरावरचं, ऑलिव्हच्या झाडांचं गाव. तिथे बर्फ पडतो तो क्वचित. पण हेही मी पोटात घातलं असतं. स्वित्झर्लंड कुठेही उगवतं, याची सवय हिंदी सिनेमानं आपल्याला लावलीच आहे. खरी तक्रार निराळी. फ्लेक्स पडलं प्लास्टिक. हॅलोजन लागला आणि पडद्यावर दुसरा सूर्य उगवला. त्या चकाकीपुढे मरीया झालेली आठ वर्षांची पोर नुसती सावली होऊन बसली. तिची आई माझ्या मागेच होती. ती शेवटपर्यंत शेजारणीला विचारत होती, "आमची कोणती हो त्यातली?"

नंतर पाळकसाहेबांनी विचारलं, "सर, पडदा कसा वाटला?"

"पडदा फार छान दिसला," मी म्हणालो, "मुलं दिसली नाहीत."

टीकाकारानं इतकं बोलून घरी जावं. मी मात्र पुढे म्हणालो, "कापडावर रंगवायला पाहिजे."

"मग पुढच्या वर्षी तुम्हीच या की, सर!"

झालं. पुढच्या नाताळाआधी महिनाभर सामानाची सभा भरली. एकानं थर्माकोल सुचवला. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून तो बाद. कार्डशीट गुंडाळली की मोडते. ऑइलपेंट चकाकतो, कापड ताठ करतो आणि वाळायला दिवस खातो. राहिला आपला गरीब मांजरपाट. ३६ इंची पन्ह्याच्या चार पट्ट्या म्हणजे साधारण २५ मीटर झाला. शिवणी आडव्या घातल्या. उभी शिवण टांगल्यावर सुरकुतीसारखी दिसते.

आधी कापडाची खळ धुऊन काढली. मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून सरस वितळवला, त्यात खडूची पूड कालवून अस्तर दिलं. सरसाचा वास घेऊन दोन मुलं पळाली, उरलेली टिकली. सरस कमी झाला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर गुंडाळताना पापुद्रे सुटतात. हे ज्ञान मला दोन्हीकडून झालं. आभाळाला नीळ, डोंगराला पिवडी, घरांना गेरू. सगळे रंग वाळल्यावर मठ्ठ. तेच हवं होतं. मठ्ठ रंग उजेड पितो आणि पुढच्या माणसाला जागा देतो.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला, पण त्याआधी ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. तेव्हाचे पडदे राजवाड्यांचे असत. आमचा गोठ्याचा. आणि गोठ्याला मुळात पडदा लागतोच असं नाही. इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसनं गव्हाण, वाळलं गवत, बैल आणि गाढव एवढ्यावर नाताळ उभा केला होता. हदगावात यातलं काहीच दुर्मिळ नाही. मात्र बैल स्टेजवर चढवण्याची माझी सूचना सभेनं एकमतानं फेटाळली. कडबा तेवढा मंजूर झाला.

कार्यक्रम झाला. आमचा एक डोंगर उंटासारखा दिसत होता आणि उंट डोंगरासारखा. पण मरीया यंदा स्वच्छ दिसली. दुसऱ्या ओळीला ती अडखळली, तेसुद्धा दिसलं. मागून आवाज आला, "ती बघा, आमची!"

पडद्याबद्दल मात्र कोणी एक अक्षर बोललं नाही. मी फाटकापाशी बराच वेळ रेंगाळून पाहिलं. शेवटी न राहवून त्या आईलाच विचारलं, "पडदा कसा होता?"

"पडदा?" बाई म्हणाल्या. "होता का?"

एवढी चांगली टीका मला आजवर लिहिता आलेली नाही.