छायाचित्रातील माणूस आणि त्याचे नाव

नवी मुंबईत अलीकडे छायाचित्रांची प्रदर्शने वारंवार भरतात. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील सभागृहांत हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार आपले काम मांडतात. त्यांचे कौतुक होते, समीक्षा मात्र होत नाही. साहित्याला जे प्रश्न दलित साहित्याने विचारले, ते भिंतीवर टांगलेल्या चित्राला कोणी विचारायचे? हे कोणासाठी आहे, कोणाच्या नजरेतून आहे आणि ज्याच्याविषयी आहे त्याचे त्यात स्थान काय, हेच ते प्रश्न होत.

मागे अशाच एका प्रदर्शनाला मी गेलो होतो. पारसिकच्या डोंगरावरील धुके होते, पाम बीच मार्गावरील दिवे होते आणि अर्थातच खाडीतले रोहित पक्षी होते. त्यांच्यामध्ये सात-आठ छायाचित्रे कष्टकऱ्यांची होती. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस, खडी फोडणारी बाई, कचऱ्याच्या गाडीवर झोपलेला पोरगा. छायाप्रकाशाची जाण उत्तम होती, हे मी मान्य करतो. मग मी चित्रांखालच्या चिठ्ठ्या वाचू लागलो. पक्ष्याखाली त्याची जात-प्रजात लिहिली होती. कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव आणि कॅमेऱ्याचेही नाव होते. खडी फोडणाऱ्या बाईखाली मात्र 'श्रमाचे सौंदर्य' एवढेच दोन शब्द होते.

सभागृह झाडणारी एक बाई केरसुणी हातात धरून त्या चित्रापुढे थांबली होती. तिने मला विचारले, "भाऊ, हिचा फोटू हितं लावलाय, ते हिला ठावं हाय का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या मते त्या प्रदर्शनाची खरी समीक्षा त्या बाईने एका वाक्यात केली होती. मी येथे तिचाच विस्तार करतो आहे.

पक्ष्यांविषयी माझी तक्रार नाही. ठाणे खाडीत त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य झाले, २०२२ साली त्या पाणथळीला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. पण ज्या शहरात पाहुण्या पक्ष्याला नाव आणि पत्ता आहे, त्याच शहरात हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरणारा माणूस बिननावाचा राहतो, तेव्हा ते छायाचित्रकाराचे विस्मरण म्हणून सोडून देता येत नाही. ती एक दृष्टी आहे. या दृष्टीला घाम दिसतो, पण घाम कोणाचा आणि तो पिढ्यान्पिढ्या त्याच लोकांच्या अंगावर का, हे दिसत नाही. श्रमाला सुंदर म्हटले की श्रम लादणाऱ्या व्यवस्थेची चौकशी आपोआप थांबते. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत झगडलेल्या, त्यात घरेदारे आणि माणसे गमावलेल्या समाजाला नावाची किंमत कोणी शिकवण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. नाव लिहिले की जात उघडी पडते. शहरात खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागणे म्हणजे काय, हे बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेने १९६३ सालीच सांगितले आहे. सफाई कामगाराचा मुलगा ज्या शाळेत जातो, तेथे बापाचे ते छायाचित्र पोचले तर पोराचे काय होईल? म्हणून सरसकट नाव लिहा असे मी म्हणणार नाही. मी म्हणतो, विचारा. त्याने नाव दिले तर लिहा. नको म्हटले तर 'नाव देण्यास नकार' असे लिहा. तो नकारही त्याचाच उद्गार असेल, आणि प्रेक्षकाला तो चित्राइतकाच अस्वस्थ करील.

असे काम होऊ शकते. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे त्यांच्यात वावरून घेतली. गटाराबरोबर त्यांनी कामगारांचे घरही पाहिले. त्यामुळे तेथील माणूस निव्वळ 'विषय' उरत नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या कामाचे मोल मला त्या वावरण्यात दिसते.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. ऐरोलीच्या आंबेडकर स्मारकात बाबासाहेबांच्या आयुष्यातील छायाचित्रे पाहताना ऊर भरून येतो. राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे कौटुंबिक छायाचित्र आपल्या घराघरांत आहे. त्यात यशवंत, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंद यांची नावे आपण जपली. टॉबी या कुत्र्याचेही नाव जपले. पण आपल्या जयंतीच्या मंडपात वस्तीतल्या माणसांची छायाचित्रे किती असतात? १९७२ च्या दुष्काळानंतर पोट घेऊन इकडे आलेल्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील खाणींत आणि कारखान्यांत राबलेल्या आयाबायांची किती? फलकावर पुढाऱ्यांचे चेहरे आणि मंडपात हार घातलेली तसबीर, एवढ्यावरच आपण थांबतो. दुसऱ्याने नाव लिहिले नाही म्हणून रागावताना आपणही ते लिहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढचे प्रदर्शन आधी तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या वस्तीत लावावे. ज्यांची छायाचित्रे आहेत ते पहिले प्रेक्षक असावेत, चिठ्ठ्या त्यांनी सांगाव्यात, आणि एकेक प्रत त्यांच्या घरी जावी. मग ते खुशाल वाशीच्या सभागृहात न्यावे. त्या वेळी केरसुणी घेतलेली बाई पुन्हा तोच प्रश्न विचारील, तेव्हा तिला उत्तर देणारे कोणीतरी तेथे असेल.