‘सुरक्षित’ म्हणजे नक्की कोणासाठी? चॅलेंज चाचणी वाचताना

आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेल्या माझ्या मावशीने फोनवर विचारलं, “पेपरात आलंय चालल्याने आयुष्य वाढतं. मग सुरू करू का?” मी पटकन “हो” म्हणाले आणि मग मूळ पेपर उघडला. उलट क्रमाने करायला हवं होतं.

‘चॅलेंज’ ही चाचणी जून २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली ५५ केंद्रं, ८८९ रुग्ण. निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम, बाकीच्यांना फक्त आरोग्याची माहितीपत्रकं. आठ वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. याआधीचे बहुतेक पुरावे निरीक्षणात्मक होते आणि त्यांत एक जुनी अडचण होती: ज्याची तब्येत बरी तोच जास्त चालतो, मग चालण्याने बरं वाटलं की बरं वाटतं म्हणून चालला? इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यामुळे तो प्रश्न बराचसा मिटतो. अभ्यास दणकट आहे, यात वाद नाही.

पण मावशीचा प्रश्न फायद्याचा नव्हता, ‘मला झेपेल का’ असा होता. त्यासाठी निकालांचा तक्ता बाजूला ठेवा आणि ‘कोणाला घेतलं’ हा भाग वाचा. (आपण सगळेच तो गाळतो, मीसुद्धा.) घेतलेले रुग्ण कोलनच्या कॅन्सरचे, म्हणजे गुदाशयाचे नाहीत. शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही पूर्ण झालेली. आणि ट्रेडमिलच्या चाचणीचे किमान दोन टप्पे पार करणं सक्तीचं! ज्याला ते जमलं नाही तो या आकड्यांत नाहीच. त्यामुळे ‘निदानानंतर व्यायाम सुरक्षित’ ही बातमीतली ओळ पेपरच्या एक पाऊल पुढे जाते. पोटावर स्टोमा असलेल्याने वजन उचलावं का, ऑक्सॅलिप्लॅटिनने तळपाय बधिर झालेल्याने खडबडीत रस्त्यावर चालावं का, याचं उत्तर ‘सरासरी रुग्णा’त सापडत नाही. ते तिच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टलाच विचारायला हवं.

आता गंमत बघा. स्नायू-हाडांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात १८.५ टक्के, दुसऱ्या गटात ११.५. व्यायामाने दुखापती वाढल्या? काही अंशी असेल. पण व्यायामाच्या गटातले लोक सल्लागाराला वारंवार भेटत होते. जो दर पंधरवड्याला भेटतो तो गुडघा दुखतो हे सांगतो. जो क्वचित भेटतो तो विसरून जातो. मोजणाऱ्याची नजर दोन्ही गटांवर सारखी नव्हती. शिवाय यातल्या साधारण दहा टक्केच तक्रारींचा संबंध संशोधकांनी व्यायामाशी लावला, आणि तो लावणाऱ्यांना रुग्ण कुठल्या गटातला हे माहीत होतं. तुम्ही अशी चाचणी आखणार असाल तर दोन्ही गटांना तक्रारी एकाच वेळापत्रकाने विचारा.

ती वारंवारची भेट फायद्याच्या बाजूलाही शिरते. कोणीतरी तीन वर्षं विचारपूस करतंय, यातला किती भाग आणि चालण्याचा किती, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही.

मावशीला मी परत फोन केला. पाय बधिर होतात का, हे पहिल्यांदा विचारलं. होत होते.