‘नांदणे’ : अर्थ, व्यवहार आणि एक आक्षेप

एकत्र राहण्यासाठी मराठीत सहजीवन, सहअस्तित्व, शेजार असे शब्द आहेत. पैकी पहिले दोन पुस्तकी वळणाचे. १९५४ च्या पंचशील करारातील पाचवे तत्त्व आपण ‘शांततामय सहजीवन’ म्हणून शिकतो; घरात मात्र हा शब्द फारसा कोणी उच्चारत नाही. तेथे शब्द आहे ‘नांदणे’.

त्याचे मूळ संस्कृत ‘नन्द्’ म्हणजे आनंदित होणे या धातूत सांगितले जाते. म्हणून नुसते वास्तव्य म्हणजे नांदणे नव्हे. वसतिगृहात आपण ‘राहतो’; ‘नांदतो’ म्हटले तर मित्र हसतील. शांतता नांदते, सुबत्ता नांदते.

इतका प्रसन्न शब्द लग्नाच्या संदर्भात मात्र एकतर्फी होतो. लग्नपत्रिकेतला ‘नांदा सौख्यभरे’ हा आशीर्वाद दोघांना असतो, हे खरे. पण सासरी नांदायला जाते ती मुलगी. प्रयोजक रूप पाहावे: नवरा बायकोला ‘नांदवतो’ किंवा ‘नांदवत नाही’. ‘तिने त्याला नांदवले नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, तरी ऐकू येत नाही. आणि संसार मोडला की ‘ती नांदली नाही’ हा ठपका तयारच असतो.

ही केवळ शब्दांची बाब नाही. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये रखमाबाईंवर मुंबईच्या उच्च न्यायालयात लावलेला दावा याच क्रियापदाचा होता, असे म्हणता येईल. बालपणी लग्न लावून दिलेल्या पतीकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. पण अपिलानंतर, १८८७ मध्ये, पतीकडे जा अन्यथा सहा महिने कैद, असा आदेश न्या. फॅरन यांनी दिला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. आजच्या हिंदू विवाह कायद्याचे (१९५५) कलम ९ पती-पत्नी दोघांनाही असा दावा लावू देते. कायदा बदलला, क्रियापद तेथेच आहे.

आता निबंधातले नेहमीचे वाक्य घ्या: ‘सर्व धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात.’ ‘आम्ही’ नांदतो असे म्हटले तर तक्रार नाही. ‘त्यांनी इथे नीट नांदावे’ म्हटले की बोलणारा घरमालक होतो आणि ‘ते’ सासरी आलेले. निबंध तपासताना हे वाक्य सहसा खटकत नाही, खटकायला हवे. ‘शेजार’ या साध्या शब्दात ही सोय नाही: मी तुमचा शेजारी, तर तुम्हीही माझे शेजारीच.